डेरिक रोझला आत घ्यायचं का? बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमचा वाद, समजेल अशा भाषेत

सप्टेंबर २०२४ मध्ये डेरिक रोझनं निवृत्ती जाहीर केली आणि बास्केटबॉलवाल्यांचा एक जुना तंटा नव्यानं पेटला. हा गडी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळाच्या कीर्तिदालनात, जायला हवा की नको? एक बाजू म्हणते, २२ व्या वर्षी अख्ख्या एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, सर्वोत्तम ठरलेला माणूस आत नसेल तर त्या इमारतीला कुलूपच लावा. दुसरी बाजू विचारते, एका वर्षाच्या पुण्याईवर जन्मभराचा मान कसा द्यायचा?

आधीच सांगून टाकतो, मी रोझच्या बाबतीत तटस्थ नाही. २०११ मध्ये त्याच्या शिकागो संघाचा सामना असला की सकाळी साडेसहाला लॅपटॉप उघडून बसायचो आणि कॉलेजचं पहिलं लेक्चर बुडवायचो. तो रिंगणात घुसायचा तेव्हा समोरचे पाच जण जागच्या जागी रोवल्यासारखे दिसायचे. पण आवडणं वेगळं आणि हॉल ऑफ फेमचं माप वेगळं. ते माप काय आहे, हेच बहुतेकांना नीट ठाऊक नसतं आणि निम्मं भांडण त्यातूनच होतं.

मुळात हा हॉल कोणाचा?

तो एनबीएचा नाही. इथेच बहुतेकांची पहिली चूक होते.

अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफिल्ड नावाचं शहर आहे. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं हा खेळ तयार केला. बाहेर कडाक्याची थंडी, वर्गातली पोरं कंटाळलेली, म्हणून व्यायामशाळेच्या सज्जाला पीच ठेवायच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि त्यात चेंडू टाकायला लावला. त्या टोपल्यांवरूनच खेळाला नाव मिळालं. हॉल ऑफ फेम आहे तो याच गावात, याच नेस्मिथच्या नावानं. पहिली निवड १९५९ मध्ये झाली.

म्हणजे हे सगळ्या बास्केटबॉलचं कीर्तिदालन आहे. एनबीए ही त्यातली एक खोली, सर्वांत मोठी असली तरी एकच. बाकीच्या खोल्यांत महिलांचा खेळ आहे, कॉलेजचा खेळ आहे, ऑलिंपिक आहे, युरोप आणि दक्षिण अमेरिका आहे. शिवाय प्रशिक्षक, पंच, संघमालक आणि अख्खेच्या अख्खे संघही आहेत. ब्राझीलचा ऑस्कर श्मिट एनबीएत एकही सामना खेळला नाही. १९८४ मध्ये तिथल्या एका संघानं त्याची निवड केली होती, पण तो गेलाच नाही. २०१३ मध्ये तो हॉलमध्ये गेला आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडलं नाही.

हे लक्षात घेतलं की पुष्कळ कोडी आपोआप सुटतात. कार्मेलो अँथनीला एनबीएचं विजेतेपद कधीच मिळालं नाही. तरी तो २०२५ मध्ये सहज आत गेला. त्याच्या खात्यात एनबीएतले २८,२८९ गुण आहेत, सिरॅक्यूज विद्यापीठाला २००३ मध्ये मिळवून दिलेलं कॉलेजचं अजिंक्यपद आहे आणि ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं आहेत. मानू जिनोबिली एनबीएत फक्त दोनदा ऑल-स्टार झाला. ऑल-स्टार म्हणजे दर हंगामाच्या मध्याला भरणाऱ्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी झालेली निवड. बरीच वर्षं तर तो राखीव म्हणून बाकावरून उठून खेळायचा. पण चार एनबीए विजेतेपदं, युरोपातलं क्लबांचं अजिंक्यपद आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला मिळवून दिलेलं सुवर्ण एका पारड्यात ठेवलं की दोन हा आकडा कुणाला आठवत नाही.

आत जायची वाट

खेळाडू निवृत्त झाला की काही काळ थांबावं लागतं. पूर्वी हा काळ पाच वर्षांचा होता, मग चार, मग तीन आणि आता दोन पूर्ण हंगाम. रोझचा शेवटचा हंगाम २०२३-२४ चा. तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

त्यानंतर दोन चाळण्या आहेत. पहिली छोट्या समित्यांची. उत्तर अमेरिकेतल्या उमेदवारांसाठी नऊ जणांची समिती असते, तिथे सात मतं लागतात. महिला आणि आंतरराष्ट्रीय उमेदवारांच्या समित्या सात-सात जणांच्या, तिथे पाच मतं पुरतात. यातून अंतिम यादी तयार होते आणि ती २४ जणांच्या मुख्य समितीपुढे जाते. २४ पैकी १८ मतं मिळाली की माणूस आत. म्हणजे तीन चतुर्थांश. बहुमत पुरत नाही.

या वाटेचा एक बारकावा फारसा बोलला जात नाही. कोणत्या दारातून आलात, याने फरक पडतो. याओ मिंग एनबीएत जेमतेम ४८६ सामने खेळला. पायाच्या हाडांनी दगा दिला आणि तिशीतच थांबावं लागलं. पण त्याचं नाव आंतरराष्ट्रीय समितीच्या दारातून आलं आणि चीनसारखा देश या खेळाकडे वळवणारा माणूस म्हणून ते तोललं गेलं. आठ वेळा ऑल-स्टार झाला, त्यात चीनमधून आलेल्या चाहत्यांच्या मतांचा मोठा हात होता हे खरं. पण कोट्यवधी लोक रात्रीची झोप मोडून मतं देत असतील तर तीही कीर्तीच की.

रोझला ते दार उघडं नाही. त्याला नऊ जणांच्याच दारातून यावं लागेल.

रोझचं प्रकरण

शिकागोच्या एंगलवुड या गरीब, धोकादायक वस्तीत वाढलेला मुलगा. २००८ मध्ये त्याच्याच शहराच्या संघानं, शिकागो बुल्सनं, त्याला सगळ्या नवोदितांत पहिल्या क्रमांकानं निवडलं. पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०१०-११ मध्ये, बुल्सनं ८२ पैकी ६२ सामने जिंकले. तेवढे त्या वर्षी कुणीच जिंकले नव्हते. रोझची सरासरी होती सामन्यामागे २५ गुण. त्याला एमव्हीपी म्हणजे हंगामातला सर्वोत्कृष्ट खेळाडू हा किताब मिळाला. १२१ पैकी ११३ जणांनी त्याला पहिली पसंती दिली. इतक्या लहान वयात हा मान त्याच्याआधी कुणालाच मिळाला नव्हता.

मग २८ एप्रिल २०१२ उजाडला. बाद फेरीचा पहिलाच सामना, समोर फिलाडेल्फिया. शिकागो १२ गुणांनी पुढे आणि उरलं होतं १ मिनिट २२ सेकंद. सामना संपल्यातच जमा होता. रोझ उडी मारायला गेला, डावा पाय टेकला आणि गुडघा धरून ठेवणारं लिगामेंट फाटलं. जिंकलेल्या सामन्यात त्याला मैदानावर ठेवलंच कशाला, यावर शिकागोत आजही तावातावानं वाद होतात. पुढचा पूर्ण हंगाम त्याला खेळता आलं नाही. त्यानंतरच्या हंगामात दहा सामने झाले आणि दुसऱ्या गुडघ्यानं मान टाकली.

तो परत आला, पण परतला तो वेगळाच खेळाडू होता. ३१ ऑक्टोबर २०१८ ला मिनेसोटाकडून खेळताना त्यानं युटाविरुद्ध ५० गुण केले आणि सामना संपल्यावर भर मैदानात रडला. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांचेही डोळे भरून आले. माझे तरी आलेच.

आता वादाचा गाभा. आजवर जो जो खेळाडू एमव्हीपी झाला आणि ज्याची थांबायची मुदत संपली, तो प्रत्येक जण हॉलमध्ये आहे. एकही अपवाद नाही. रोझ बाहेर राहिला तर पहिला अपवाद ठरेल. समर्थकांचं हे सर्वांत भारी अस्त्र. विरोधकांचं उत्तर असं की तीनच वेळा ऑल-स्टार आणि वर्षातल्या सर्वोत्तम १५ जणांत फक्त एकदा निवड, एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर दुसरा कोणता एमव्हीपी आत गेलाय ते दाखवा.

लिंगाणा की पठार?

कीर्ती मोजायची दोन मापं आहेत. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ती लगेच कळतील. रायगडावरून लिंगाणा दिसतो. सुळका, टोकदार, कुठूनही ओळखू येणारा. पण वर उभं राहायला जागा किती? याउलट एखादं पठार तासन्‌तास चालत राहिलं तरी संपत नाही, पण त्याचा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. एखादा खेळाडू त्याच्या सर्वोत्तम काळात किती उंच गेला, हे पहिलं माप. किती काळ वर टिकला, हे दुसरं.

क्रिकेटवाल्यांना हे समजावायला विनोद कांबळीचं नाव पुरतं. १७ कसोट्या, १,०८४ धावा, सरासरी ५४.२०, लागोपाठच्या दोन कसोट्यांत दोन द्विशतकं. सरासरी पाहिली तर थोरामोठ्यांच्या पंगतीत पान मांडावं लागेल. पण सतरा म्हटलं की वाढपी थबकतो.

तर मग छोटी कारकीर्द म्हणजे हॉल बंद, असं आहे का? अजिबात नाही. बिल वॉल्टन पायांच्या दुखण्यांमुळे एनबीएत एकूण ४६८ सामनेच खेळू शकला. रोझ ७२३ खेळला. तरी वॉल्टन १९९३ मध्ये आत गेला. कारण त्या थोड्या सामन्यांत पोर्टलंडला मिळवून दिलेलं १९७७ चं विजेतेपद होतं, पुढच्या वर्षीचा एमव्हीपी होता आणि त्याआधी कॉलेजात दोन राष्ट्रीय अजिंक्यपदं होती.

माया मूरचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये ती आठच हंगाम खेळली. खेळ ऐन भरात असताना, २०१९ मध्ये, बाजूला झाली, कारण तिला एका निरपराध कैद्याला तुरुंगातून सोडवायचं होतं. पुढच्या वर्षी तो सुटला आणि मूर मैदानावर परतलीच नाही. आठ हंगामांत चार विजेतेपदं, एक एमव्हीपी, दोन ऑलिंपिक सुवर्णं, त्याआधी कनेक्टिकट विद्यापीठाची दोन अजिंक्यपदं. २०२५ मध्ये ती हॉलमध्ये गेली तेव्हा ‘आठच?’ असं कुणी विचारलं नाही.

म्हणजे प्रश्न वर्षं किती याचा नाही, त्या वर्षांत भरलं काय याचा आहे. आणि इथे रोझची अडचण सुरू होते. कॉलेजात तो एकच हंगाम खेळला, मेम्फिसकडून, आणि संघाला थेट अंतिम सामन्यात घेऊन गेला. पण त्याच्या प्रवेशपरीक्षेचे गुण नंतर अवैध ठरले आणि कॉलेज-क्रीडेच्या नियामक संस्थेनं मेम्फिसचा तो हंगामच नोंदीतून पुसला. अमेरिकेच्या संघातून त्याला २०१० आणि २०१४ मध्ये जागतिक स्पर्धेचं सुवर्ण मिळालं. हे त्याच्या बाजूचे लोकही सांगायला विसरतात. पण त्या दोन्ही संघांचा तो आधारस्तंभ नव्हता.

विजेतेपदं मोजली की संपलं ना?

‘अंगठ्या किती?’ हा बास्केटबॉलच्या कट्ट्यावरचा सर्वांत लाडका प्रश्न. एनबीए जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येकाला अंगठी मिळते, म्हणून अंगठी म्हणजे विजेतेपद. रॉबर्ट होरीकडे सात आहेत. मायकेल जॉर्डनपेक्षा एक जास्त. ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो अशा तीन संघांतून त्यानं त्या जमवल्या आणि शेवटच्या क्षणी टाकलेल्या बास्केट्स तर दंतकथेसारख्या सांगितल्या जातात. पण तो एकदाही ऑल-स्टार झाला नाही, सरासरी सामन्यामागे सात गुण. २००८ मध्ये त्याचा शेवटचा हंगाम संपला, त्यालाही आता इतकी वर्षं झाली, पण दार उघडलेलं नाही. माझ्या मते ते बरोबर आहे. वरातीत सात वेळा नाचलेला माणूस नवरदेव होत नाही.

मग ड्रेमंड ग्रीनचं काय? त्याचीही सरासरी नऊच्या आत आहे. इथे मात्र गुणांची सरासरी हे मापच चुकीचं पडतं. लग्नघरात एक काका असतात, बघा. एकाही फोटोत नसतात. पण आचाऱ्याला शिधा कोणी दिला, वऱ्हाडाची बस कुठे थांबली, भटजींना आणायला कोण गेलं, सगळं त्यांच्या डोक्यात असतं. ते तासभर दिसेनासे झाले की कार्याचा बोजवारा. गोल्डन स्टेट या संघाच्या चार विजेतेपदांत ग्रीन हा तो काका होता. उंची बेताची, तरी सात फुटी सेंटरना, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या धिप्पाड गड्यांना, अडवायचा, चेंडू पुढे न्यायचा, ओरडून ओरडून सगळ्यांना जागा दाखवायचा. २०१७ मध्ये सर्वोत्तम बचावपटू ठरला, शिवाय दोन ऑलिंपिक सुवर्णं. हा काका भांडखोरही आहे. २०१६ च्या अंतिम मालिकेत गैरवर्तनांची मर्यादा ओलांडल्यामुळे त्याला पाचव्या सामन्याला बाहेर बसावं लागलं आणि ३-१ अशी पुढे असलेली मालिका त्याचा संघ अखेर हरला. तरी तो आत जाणार, जायलाच हवा.

ग्रीनचा गोल्डन स्टेटमधला जोडीदार क्ले थॉम्पसन याच्याबद्दल मी फार बोलणार नाही. चार विजेतेपदं आणि एका डावात, म्हणजे बारा मिनिटांत, ३७ गुण. विषय संपला. रूडी गोबेअरची लोक थट्टा करतात, पण चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरलेल्या माणसाला कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? काइल लाउरी मला काठावरचा वाटतो. टोरांटोला २०१९ चं विजेतेपद, २०१६ चं ऑलिंपिक सुवर्ण आणि सहा वेळा ऑल-स्टार हे सगळं मिळून त्याला १८ मतं पडतील असं वाटतं.

लेब्रॉन, करी आणि ड्युरँट आत जाणारच, त्यांच्यावर इथे शाई खर्च करत नाही.

दर्जा घसरतोय, असं म्हणतात ते?

हा आक्षेप मी निम्मा मानतो. थांबायची मुदत पाचवरून दोन हंगामांवर आल्यानं घाई वाढली आहे, हे खरं. आठवणी ताज्या असताना मत देणं म्हणजे जेवण उरकल्या उरकल्या स्वयंपाकाला गुण देण्यासारखं आहे. पण पूर्वीचा हॉल फार कडक होता आणि आता भाजीमंडई झाली, हे काही पटत नाही. पूर्वी बायका आणि परदेशी खेळाडू यांच्याकडे पाहिलंच जात नव्हतं. ते आता आत येतात म्हणून यादी लांब दिसते.

ड्वाइट हॉवर्डचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये एनबीएनं आपल्या ७५ वर्षांतल्या थोर खेळाडूंची यादी काढली, त्यात तो नव्हता. लोकांच्या मनातून तो उतरला होता. चार वर्षांनी हॉलनं मात्र तीनदा सर्वोत्तम बचावपटू आणि आठदा ऑल-स्टार झालेला हॉवर्ड पाहिला आणि आत घेतलं. वर २००८ च्या ऑलिंपिक विजेत्या अमेरिकी संघाचा भाग म्हणून दुसऱ्यांदाही घेतलं. गंमत म्हणजे २०११ मध्ये रोझला एमव्हीपी मिळाला तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर हाच हॉवर्ड होता. त्या वर्षी मागे राहिलेला आधी आत पोचला.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ते २४ जण कोण, हे जाहीर होत नाही. कुणाला किती मतं पडली, तेही कळत नाही. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचं उलट आहे. तिथे जवळपास चारशे पत्रकार मत देतात आणि आकडे छापून येतात. २०२५ मध्ये जपानच्या इचिरोला ३९४ पैकी ३९३ मतं मिळाली आणि ते एक मत न देणारा कोण, यावर दोन देशांत चर्चा रंगली. बास्केटबॉलमध्ये असं काही होऊच शकत नाही. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या कमिटीनं दार लावून निर्णय घ्यावा आणि आपण नोटीस बोर्डावर वाचावा, तसा प्रकार. समितीवर दबाव येऊ नये म्हणून नावं गुप्त ठेवतात, असं समर्थन होतं. दबाव येतच असेल तर तो निदान दिसावा, एवढंच म्हणणं आहे.

मग रोझचं काय?

मला मत असतं तर मी नाही म्हटलं असतं. लिहिताना हात अडखळला, पण नाहीच.

‘सगळे एमव्हीपी आत आहेत, म्हणून तोही हवा’ हे मला कारण वाटत नाही, योगायोग वाटतो. बाकीचे आत गेले ते त्या एका किताबामुळे नव्हे, तर त्याच्या आगेमागे दुसरंही बरंच काही भरलेलं होतं म्हणून. ‘दुखापत झाली नसती तर’ हे वाक्यही मी बाजूला ठेवतो. न घडलेल्या वर्षांना गुण द्यायला लागलो तर प्रत्येक गल्लीत एक दिग्गज निघेल. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान तलावावर जा, जुनी मंडळी तुम्हाला असे पाच-सहा जण नावानिशी सांगतील. रोझचं घडलेलं तेवढंच मोजलं, तर हाताशी उरतात एक भव्य वर्ष, त्याच्या मागचं-पुढचं एकेक चांगलं वर्ष आणि मग गुडघ्यांशी झुंज देण्यात गेलेली बरीच वर्षं.

पण मी त्या चोवीस जणांत नाही आणि माझा अंदाज माझ्या मताच्या उलट आहे. रोझला १८ मतं मिळतील, पहिल्या वर्षी नाही तर चौथ्या-पाचव्या. तिथे एक रीत आहे. आत येणाऱ्याच्या सोबत, आधीपासून हॉलमध्ये असलेला कुणीतरी मंचावर उभा राहतो. रोझ ड्वेन वेडला बोलावेल, असं मला उगाच वाटतं. वेडही शिकागोकडचाच, २०२३ पासून आत आहे आणि २०११ च्या त्या सोनेरी हंगामात रोझला अंतिम फेरीच्या दारातून मागे पाठवणाऱ्या मायामीच्या संघात तोच होता. तो कार्यक्रम आपल्याकडे भल्या पहाटे दिसेल. मी गजर लावणार आहे.